हसू दाबतो मी

आज कट्ट्यावर वसंता म्हणाला, "ऑपरेशन झाल्यापासून हसायचाच बंद झालास लेका." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

बंद नाही झालो रे, दाबतो. खोकला, शिंक, हसू, खुर्चीतून उठणं, कशानेही पोटावर दाब आला की लघवीचे थेंब-दोन थेंब निसटतात. कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढली, तिच्याबरोबर लघवी अडवणारा आतला बांध कामातून गेला, आता सगळी भिस्त बाहेरच्या एकट्या स्नायूवर. सकाळी तो बरा असतो, दिवस कलला की थकतो. आणि कट्टा भरतो नेमका संध्याकाळी!

वसंताला हे सांगणार कसं? कॅन्सर म्हटलं तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला होता. लघवी म्हटलं की तोच क्रिकेटवर जाईल. घरीही तक्रारीला जागा नाही. पीएसए, म्हणजे कॅन्सर उरलाय का ते सांगणारा रक्तातला आकडा, ०.१ च्या खाली आला त्या दिवशी मुलाने पेढे आणले. जीव वाचला ना, मग झालं तर.

डॉक्टर म्हणतात, गळती बहुतेकांची वर्षभरात आटोक्यात येते. त्या दुसऱ्या गोष्टीला, नसा वाचवल्या असल्या तरी, दीड-दोन वर्षंही लागतात. ही त्याबद्दल काही विचारत नाही, आणि मी तरी... असो.

पण हसू! या घरात खदाखदा हसणारा मीच. फिजिओथेरपिस्ट सांगते, शिंक येतेय वाटलं की आधी स्नायू आवळा, मग शिंका. शिंक निदान वर्दी देऊन येते, विनोद कुठे देतो? वसंताचे तेवढे सोयीचे. सगळे कॉलेजपासूनचे, शेवट तोंडपाठ. गंपू मास्तरांसमोर उभा राहिला की आवळायला घ्यायचं, वेळ पुरतो.

रात्री हिला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिलाच बाथरूमकडे पळावं लागलं. परत येऊन म्हणाली, "धाकटीच्या वेळेपासून असंच आहे माझं. तुम्हाला पत्ता नाही."

ज्या केगेल डॉक्टरांच्या नावाने मी हे स्नायू आवळायचे व्यायाम करतो, त्यांनी १९४८ साली ते मांडले तेच मुळी बाळंतपण झालेल्या बायकांसाठी. हिला कुणी शिकवले नाहीत.

"उद्यापासून दोघं मिळून करू," म्हणालो.

"करू. आणि कट्ट्यावर जायच्या आधीचा चहा बंद. ती बदामी पँटही नको, काळी घाला."

बदामीच शोभते मला. पण घालतो काळी.