नव्या स्पंजाचं वर्णन: खरी कसोटी काचपट्टीवर

स्पंज, म्हणजे पाण्यात खडकाला वगैरे चिकटून वाढणारा प्राणी, नव्या प्रजातीचा आहे की नाही, हे पाण्यात बघून ठरत नाही. एकच प्रजाती संथ पाण्यात फांद्या काढते आणि लाटांच्या माऱ्यात खडकावर पसरट वाढते, म्हणून मी नुसत्या आकारावर विसंबत नाही. तरी जिवंतपणीचा फोटो हवाच, कारण अल्कोहोलमध्ये रंग उतरतो. पृष्ठभाग कसा आहे, दाबल्यावर तुकडा लवचिक लागतो की ठिसूळ, चिकट स्राव सुटतो का, हे लगेच टिपून ठेवतो.

नमुना 96 टक्के इथेनॉलमध्ये जातो. स्पंजात मुरलेल्या पाण्याने ते पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायचं. नाहीतर डीएनए खराब होतो. फॉर्मालीन त्याच कारणासाठी टाळतो.

सगळ्यात जास्त जीव ओततो तो कंटिकांवर, म्हणजे सांगाड्यातल्या सूक्ष्म काट्यांवर. त्या काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या असतात. वरच्या थराचा आणि आतल्या गाभ्याचा तांदळाएवढा तुकडा वेगवेगळ्या नळ्यांत घालून त्यावर ब्लीच ओततो. ऊती विरघळतात, तळाशी पांढरा गाळ उरतो. सिलिकाच्या कंटिकांना नायट्रिक आम्लही चालतं. कॅल्शियमच्या असतील तर आम्लात त्या स्वतःच विरघळतात. मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुणं, शेवटी अल्कोहोल. घाई इथेच नडते. मोठ्या कंटिका पटकन तळाला बसतात, पण सिग्मा (सी-आकाराच्या), कीला (नांगरासारख्या) अशा बारीक कंटिका बराच वेळ तरंगत राहतात. पाणी लवकर ओतलं की त्या वाहून जातात, ‘बारीक कंटिका नाहीत’ अशी नोंद होते आणि जीनसच, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गटच, चुकतो.

ब्लीचमध्ये कंटिका सुट्या होतात, त्यांची मांडणी कळत नाही. त्यासाठी पृष्ठभागाला काटकोनात ब्लेडने पातळ काप घेतो. एखादीच वेगळी तारकाकृती कंटिका दिसली तर ती शेजारच्या स्पंजाची किंवा गाळातली असू शकते. कापात ती ऊतीत नीट बसलेली दिसली तरच मोजतो. प्रत्येक प्रकारच्या निदान 30 कंटिकांची लांबी-जाडी घेऊन किमान, सरासरी, कमाल लिहितो.

त्यानंतर तुलना, आणि तीच सगळ्यात रेंगाळते. वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेस या जगभरच्या स्पंजांच्या ऑनलाइन सूचीतून त्या जीनसमधल्या सगळ्या प्रजातींची यादी काढून प्रत्येकीचं मूळ वर्णन वाचतो. एकोणिसाव्या शतकातली कित्येक वर्णनं चार ओळींची, मापांशिवायची. तिथे संग्रहालयातल्या मूळ नमुन्याची काचपट्टी बघण्याला पर्याय नाही. डीएनएवर सगळा भार टाकू नये: प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा नेहमीचा तुकडा बहुतेक स्पंजांत इतका सावकाश बदलतो की जवळच्या प्रजाती त्यात सारख्याच दिसतात. मी 28एस हे दुसरं जनुक जोडीला घेतो.

नव्या प्रजातीचं नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग जीनसशी जुळवायचं. होलोटाइप, म्हणजे ज्यावर नाव आधारलेलं असतं तो एकमेव नमुना, कोणत्या संग्रहात ठेवला ते लेखात लिहायचंच, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या नोंदवहीत नोंदणी करून तिचा उल्लेख लेखातच करावा लागतो.