वॉलेट आणि बँक स्टेटमेंट: दुकानाचं नाव एकसारखं ठेवताना

एकाच दुकानाची चार नावं खर्चाच्या शीटमध्ये शिरली की दुकानवार बेरीज कामाची राहत नाही. कार्डाच्या व्यवहारात दुकानाचं नाव आणि ठिकाण आयएसओ ८५८३ (कार्ड व्यवहाराच्या संदेशांचा ठरलेला साचा) संदेशाच्या ४३व्या रकान्यातून येतं. जागा एकूण ४० अक्षरांची, नावाच्या वाट्याला त्यातली २२ ते २५. म्हणून स्टेटमेंटवर नाव तुटतं, शाखेचा क्रमांक चिकटतो, मधे पेमेंट कंपनी असेल तर आधी तिचं आखूड नाव आणि तारांकन (*) येतं. वॉलेट मात्र तेच नाव बरेचदा स्वच्छ करून दाखवतं. पेंडिंग नोंद पक्की होतानाही नाव बदलू शकतं, त्यामुळे मी फक्त पक्क्या नोंदी उतरवतो.

माझा ठाम अनुभव: वॉलेट आणि बँकेतल्या नोंदींच्या जोड्या नावावरून लावू नयेत. आधी रक्कम, मग तारीख (३ दिवस पुढे-मागे धरून), मग कार्ड. वॉलेटमधून कार्ड वापरलं की खऱ्या क्रमांकाऐवजी टोकन (बदली क्रमांक) जातं, त्यामुळे पावतीवरचे शेवटचे ४ अंक कार्डाशी जुळतीलच असं नाही. दोन्ही अंक शेजारी-शेजारी लिहून ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

शीटमध्ये तीन रकाने लागतात: मूळ मजकूर, साफ मजकूर, ठरलेलं नाव. मूळ मजकुराला हात लावायचा नाही. बँकेत तक्रार करायची झाली तर तेच शब्द लागतात. साफ करताना सगळी अक्षरं कॅपिटल करतो, तारांकनापर्यंतचा भाग आणि शेवटचे आकडे काढतो. तारांकनानंतर नुसता ऑर्डर क्रमांक असेल तर मात्र आधीचा भाग ठेवावा, नाहीतर हाती काहीच उरत नाही. एक्सेलमध्ये ट्रिम (जादा स्पेस काढणारं सूत्र) करूनही नावं जुळत नसतील तर वेबपेजवरून आलेली १६० क्रमांकाची स्पेस तपासा. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची, म्हणजे साधी स्पेस काढतं. १६० आधी सबस्टिट्यूट या सूत्राने बदलावी लागते.

मग वेगळी यादी: डावीकडे ओळखीचा तुकडा, उजवीकडे ठरलेलं नाव. यादी वरून खाली तपासली जाते, म्हणून लांब तुकडे वर ठेवा. तीन अक्षरांचा तुकडा वर राहिला तर भलतीच दुकानं गिळतो.

वॉलेटमध्ये पैसे भरल्याची नोंद बँकेत वॉलेटच्याच नावाने येते. ती ट्रान्स्फर म्हणून नोंदवा. खर्चात धरली तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. ज्या ओळीची जोडी लागत नाही, तिला अंदाजाने नाव न देता ‘अनोळखी’ लिहून पुढच्या स्टेटमेंटपर्यंत ठेवतो.