टारगेट क्रॉसबो : बटप्लेट उघडली आणि काळ ठरला

विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर '१७५०च्या सुमाराचा, चांदीकाम' असं लिहिलं होतं. आता खात्रीने सांगतो, माझा क्रॉसबो (लाकडी दस्त्यावर आडवं धनुष्य बसवलेलं, घोड्याने सुटणारं नेमबाजीचं शस्त्र) १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे.

पुरावा मिळाला तो बटप्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या, स्क्रूंतून. दोन्ही स्क्रू अणकुचीदार, आटे थेट टोकापर्यंत गेलेले. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात बसवायच्या स्क्रूंची टोकं बोथट असत. आधी भोक पाडायचं, मग स्क्रू पिळायचा. टोकदार स्क्रू यंत्रावर सरसकट निघू लागले ते १८४०-५०च्या दशकांत. अर्थात नुसत्या स्क्रूवर विसंबून चालत नाही, ते कुणीही, कधीही बदलू शकतं. म्हणून टॉर्च लावून भोकांत पाहिलं. तळ निमुळताच. आजूबाजूला बुजवलेलं दुसरं भोक नाही. प्लेटखालचं अक्रोडाचं लाकूड फिकट, आणि फिकट-गडदची सीमा प्लेटच्या कडेशी तंतोतंत जुळते. म्हणजे प्लेट मूळची, स्क्रूही मूळचे. ही जुळणी दिसली तेव्हा फार आनंद झाला!

'चांदीकाम' म्हणजे दस्त्यावर जडवलेली पानं. त्यांच्या कोपऱ्यांत हिरवट थर आहे. चांदी काळी पडते. हिरवा रंग तांब्याचा. हे जर्मन सिल्व्हर, आपल्याकडच्या पूजेच्या ताटांतलंच. तांबं, जस्त आणि निकेलचा हा मिश्रधातू जर्मनीत १८२०च्या दशकात बाजारात आला, तेव्हा १७५० तिथेच बाद होतं.

पोलादी धनुष्य आणि हलक्या स्पर्शाने सुटणारा सेट ट्रिगर पाहून अनेकजण काळ सांगतात. मला ते पटत नाही. पोलादी धनुष्यं १५व्या शतकापासून आहेत, सेट ट्रिगर १६व्या शतकापासून. दोरी तर विचारातच घेऊ नये, ती झिजते आणि बदलली जाते.

प्रदेशासाठी दस्ता जास्त बोलका. गाल टेकायला उंचवटा, खांद्यात अडकणारी चंद्रकोरी बटप्लेट : आल्प्सकडच्या टारगेट रायफलींचीच ठेवण. दोरी एकेरी, म्हणजे बाण मारायचा; गोळ्या मारणाऱ्या क्रॉसबोला दुहेरी दोरी आणि मध्ये गोळी धरायची खोळ असते. ड्रेस्डेनसारख्या ठिकाणी उंच खांबावरचा लाकडी पक्षी पाडायची स्पर्धा असे, ती परंपरा वेगळी. माझा कल बव्हेरियाकडे आहे. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये क्रॉसबो नेमबाजांचा तंबू १८९५पासून आहे, तेव्हा त्या काळात तिथे या खेळाला चांगली मागणी होती.

कारागीर अजून सापडलेला नाही. धनुष्याच्या मध्यावर, त्याला दस्त्याशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली त्याचा ठसा असू शकतो. पट्ट्यांचे स्क्रू गंजून घट्ट बसलेत, सध्या त्यांना गंज सोडवणारं तेल पाजतोय. दोरी मात्र ताणून पाहणार नाही, कुणीच पाहू नये. एवढं जुनं पोलाद कुठे तडकलं असेल ते वरून दिसत नाही, आणि तुटलं तर तुकडा थेट तोंडावर येतो.