घरच्या तिखट सॉसमध्ये मीठ चमच्याने नको, वजनाने घाला

तिखट म्हणजे नुसता जाळ नव्हे, त्याला आंबटपणा पाहिजे, थोडा गोडवा पाहिजे आणि मागून येणारा मिरचीचा स्वतःचा वास पाहिजे, आणि हे सगळं नुसतं व्हिनेगर ओतून येत नाही. मिरच्या आंबवल्या की येतं. म्हणून आज त्याबद्दलच लिहितेय.

नुसत्या मिरच्यांपेक्षा भाज्या मिसळून केलेला सॉस मला कितीतरी जास्त आवडतो. लाल मिरच्या, त्यात गाजर, लाल ढोबळी मिरची, थोडा कांदा आणि लसूण. गाजराने सॉसला दाटपणा येतो, ढोबळीने रंग खुलतो. तिखटपणा कमी हवा असेल तर बिया काढत बसू नका, कारण खरं तिखट बियांमध्ये नसतंच, आतली जी पांढरट शीर असते ना तिच्यात असतं आणि बियांना ते तिथूनच लागतं, तेव्हा ती शीर खरवडून टाका. आणि हो, हातमोजे घाला प्लीज. कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे हात जळजळायला लागले तर आधी तेल चोळायचं आणि मग साबणाने धुवायचं.

आता मीठ. इथे चमच्याचं माप चालत नाही, कारण बारीक मीठ आणि जाडं मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं. चिरलेल्या भाज्यांच्या वजनाच्या अडीच टक्के धरा, म्हणजे ५०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅम. फार कमी घातलं तर नको ते जंतू वाढतात आणि भाजी मऊ पडते, फार जास्त घातलं तर आंबणंच मंदावतं. मीठ चोळून थोडा वेळ ठेवलं की पाणी सुटतं, मग सगळं बरणीत दाबून भरायचं, भाजी पाण्याखाली राहील असं वजन ठेवायचं, आणि पाणी कमी पडलं तर त्याच प्रमाणाचं मिठाचं पाणी वरून घालायचं. वेगळं विरजण लागत नाही, भाजीच्या सालीवर लॅक्टिक ॲसिड बनवणारे जीवाणू आधीच असतात, मीठ आणि हवेचा अभाव या दोन गोष्टी मिळाल्या की ते बाकीच्यांना मागे टाकतात.

दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसायला लागतात, पाणी गढूळ होतं, झाकण सैल केलं की फुस्स आवाज येतो आणि आंबट-तिखट वास नाकात जातो. मला हा टप्पा फार आवडतो. पाणी गढूळ झालं म्हणून घाबरू नका, वर पातळ पांढरी साय आली तर ती बहुतेक यीस्टची असते, काढून टाकायची. पण केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर सगळी बरणी फेकून द्यायची, वरवरचं काढून खाली चांगलं असेल असं धरून चालू नये.

एक-दोन आठवड्यांनी चव बघा, हवा तेवढा आंबटपणा आला की मिक्सरला लावा (झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, ठसका लागतो) आणि गाळून घ्या. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्याच. ४.६ च्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा धोका असतो, म्हणून मी तो ४ च्या खाली असल्याशिवाय बाटली भरत नाही, जास्त आला तर व्हिनेगर घालते. याच कारणासाठी कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणं मला अजिबात पटत नाही, तेलाखाली हवा नसते आणि आम्लही नसतं.

न शिजवलेला सॉस फ्रिजमध्येच ठेवा. त्यातले जीवाणू जिवंत असतात, गॅस बनत राहतो, घट्ट बंद काचेची बाटली बाहेर राहिली तर फुटू शकते. गाळून उरलेला चोथा मात्र टाकू नका, ओव्हनमध्ये मंद आचेवर कडकडीत वाळवून त्याची पूड करा, खारट-आंबट-तिखट अशी मस्त लागते, कशावरही भुरभुरा.