बोटीचं भाडं पुन्हा वाढलं

तिकीट खिडकीवर आज नवे दर लागलेत. म्हणजे जुन्या फलकावरच कागद चिकटवलाय. खालचा आकडा अजून दिसतो, तेवढीच जखमेवर मीठ! डिझेल महागलं, मान्य. बोट भरलेली असो की रिकामी, इंधन जवळपास तेवढंच जळतं, हेही कळतं. पण बेटावर राहणाऱ्याला दुसरा मार्गच कुठाय? पर्यटक एकदा येतो, फोटो काढतो, जातो. आमचा दवाखाना, कॉलेज, बँक सगळं पलीकडे. शिवाय सिमेंटच्या गोणीपासून औषधापर्यंत प्रत्येक वस्तू बोटीचं भाडं अंगावर घेऊनच घरात येते, ते वेगळंच.

स्कॉटलंडने २००८ मध्ये काही बेटांसाठी वेगळा हिशेब सुरू केला. तेवढंच अंतर रस्त्याने जायला जो खर्च येईल, त्यावर बोटीचं भाडं ठरवायचं. तिथेही बोटी बंद पडतात, लोक वैतागतात, सगळं आलबेल नाहीच. पण बोट म्हणजे आमचा रस्ता, एवढं तरी कुणी मानलं.

बरं, भाडं घ्या, पण शेवटची बोट पलीकडच्या बसची वाट बघून तरी सोडा. आज बस धक्क्यावर टेकली आणि बोटीचा दोर सुटला. बॅगा सांभाळत सगळे धावले, ओरडले, तेव्हा कुठे थांबवली. वर खलाशीच आमच्यावर खेकसला!