आयडलिंग वाढवून हिसके जात नाहीत : कार्ब्युरेटर ट्यूनिंगचा माझा अनुभव

चार महिने माझी बाईक हळू चालवताना हिसके देत होती. दुसरा गिअर, रेस जेमतेम दिलेली, आणि गाडी धक्के खात चाललेली. रेस पिळली की मात्र काही तक्रार नाही, सरळ पळायची. तीनदा गॅरेजला दाखवली आणि तिन्ही वेळा एकच इलाज झाला: आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा, स्क्रू आत पिळायचा आणि इंजिन जोरात धडधडायला लागलं की "झालं, घेऊन जा." त्या "झालं"चा राग अजून गेलेला नाही, कारण खरा दोष त्या इलाजाखालीच दडून बसला होता.

शेवटी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, स्वतःच उतरवला. पेट्रोलचा कॉक बंद केला, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढलं, पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) काढून उजेडासमोर धरला. भोकातून उजेड दिसत होता, पण भोक गोल दिसत नव्हतं, एका कडेला पिवळट चिकटा होता. क्लीनर मारला, वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलकेच फिरवली. स्टीलची तार घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं होतं. सगळं जोडलं, गाडी चालू केली.

हिसके तसेच.

इथून पुढचे तीन दिवस मी फक्त मिक्श्चर स्क्रूपाशी, म्हणजे कमी रेसला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूपाशी, अडकलो होतो. माझ्या कार्ब्युरेटरला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर सोडला की पेट्रोल वाढतं. (एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, त्याचं उलटं: बाहेर सोडला की हवा वाढते. हे आधी बघून घ्या, नाहीतर सगळं उलट दिशेला कराल.) पाव आटा सोडला, ऐकलं. आणखी पाव सोडला, ऐकलं. दोन आटे, अडीच आटे. आवाजात फरकच नाही. मग आत घेत गेलो, पूर्ण बसेपर्यंत. पायलटचं पेट्रोल या स्क्रूने बंद झालं की इंजिन बंद पडायला हवं, निदान अडखळायला तरी हवं. माझं इंजिन निवांत चालत होतं.

म्हणजे त्याला पेट्रोल दुसरीकडून मिळत होतं. कुठून, ते कार्ब्युरेटर पुन्हा हातात घेऊन टॉर्चच्या उजेडात आत बघितलं तेव्हा दिसलं. स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलला जाणारा पडदा) खाली दोन बारीक भोकं असतात. इंजिनकडचं भोक पायलटचं, त्याच्यावर मिक्श्चर स्क्रूचा ताबा. दुसरं बायपासचं, ते स्लाइड थोडी उचलली की उघडं पडतं आणि त्याच्यावर या स्क्रूचा काही ताबा नसतो. आयडलिंगचा स्क्रू पिळून पिळून स्लाइड इतकी वर गेली होती की बायपास कायमचा उघडा होता. स्क्रू मी दिवसभर फिरवला असता तरी इंजिनला कळलं नसतं.

पण मुळात आयडलिंग वाढवायची वेळ का आली? मिक्श्चर स्क्रू पूर्ण काढला तेव्हा उत्तर मिळालं. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग छोटा वॉशर, मग टोकाकडे ओ-रिंग असा क्रम हवा. माझ्या तळहातावर स्क्रू आणि स्प्रिंग एवढंच आलं. भोकात टॉर्च मारून बघितलं, कारण ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. आत काही नव्हतं. आधीच्या कुठल्यातरी सफाईत वॉशर आणि ओ-रिंग हरवले होते आणि स्क्रूच्या आट्यांमधून हवा ओढली जात होती. त्यामुळे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून गाडी बंद पडायची, म्हणून आयडलिंग वाढवायचं. मुगाच्या दाण्याहून लहान रबरी कड्यासाठी चार महिने!

नवी ओ-रिंग आणि वॉशर बसवल्यावर स्क्रू पहिल्या पाव आट्यालाच बोलायला लागला. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. इंजिन आधी नीट तापवलं, दहा मिनिटं चालवून. थंड इंजिनवर केलेलं सेटिंग फुकट जातं. स्क्रू पूर्ण आत बसवून तिथून बाहेर दीड आट्यावर सुरुवात, मग जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागतो तिथे थांबायचं, आयडलिंग खाली आणायचं आणि पुन्हा तेच. माझ्या मॅन्युअलमध्ये 1400 आरपीएम दिलंय. मी पावणेदोन आट्यांवर थांबलो. अर्ध्या आट्याच्या आत किंवा तीन आट्यांच्या बाहेर जावं लागलं तर पायलट जेटचा नंबर बदलायची वेळ आली असं समजा.

रेस सोडल्यावर इंजिन वरच रेंगाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आयडलिंगच्याही खाली जाऊन मग सावरत असेल तर जास्त होतंय. नीडलच्या (स्लाइडमधली लांब सुई) उंची ठरवणाऱ्या क्लिपला मात्र आत्ता हात लावू नका. रेस साधारण 1/8 उघडेपर्यंत काम पायलटचं, 1/4 पर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला असलेल्या कापाचं, नीडल खरी त्यानंतर. मी मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या होत्या, नाहीतर 1/8 म्हणजे किती ते चालवताना हाताला कळत नाही.

एक राहिलं. स्क्रू काढायच्या आधी तो हळूच आत बसवून किती आटे होते ते लिहून ठेवा, आणि बसवताना अजिबात आवळू नका, टोक निमुळतं असतं, बैठकीत रुतून मोडतं. सगळं झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आयडलिंग ऐका. चढलं तर केबल ताणलेली आहे, तिला थोडा लूज द्या. माझी उजवीकडे वळवल्यावर किंचित चढत होती. ती सैल केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, रेस जेमतेम दिलेली, रस्ता संपेपर्यंत गाडी हळूच नेली. एकही हिसका नाही.