स्मरणचित्रांची वही : चौथा महिना

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. समोर काही मांडलेलं नसायचं, जे काढायचं ते डोक्यातून. तोच पेपर मी गेले चार महिने इथे मालवणात रोज रात्री देतेय. साधं, रोजचं एकच दृश्य घ्यायचं, कालचं असो नाहीतर लहानपणीचं, आणि फोटो बघायचा नाही. वहीत आता 61 चित्रं आहेत. मनासारखी उतरलेली नऊ-दहा.

या महिन्यात अडले ती बांगड्यापाशी. बाजारात मासेवाल्या काकीच्या टोपलीत पाहिलेला बांगडा रात्री काढला, पाठीवर नागमोडी पट्टे घालून. चित्र छान उठलं होतं. सकाळी काकीला दाखवलं, तर ती म्हणाली, "ह्यो आमचो बांगडो नाय गो बाय," आणि टोपलीतला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. आपल्या बांगड्याच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या लांब रेघा असतात, छातीच्या पराशी एक काळा ठिपका. नागमोडी पट्टे अटलांटिकमधल्या मॅकरेलचे. ते कधीतरी मोबाइलवर पाहिलेले, आणि आठवणीने आपलेच समजून ठेवून घेतलेले. तेव्हापासून चित्र झालं की मी पेन्सिलीने खुणा करते : नक्की पाहिलेल्याला टिंब, अंदाजाने भरलेल्याला फुली. तुम्हीही करून बघा. फुल्या किती निघतात ते बघून मी हादरले.

दांडीच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे माणसांनी रांगेने किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, सहा वेळा काढली. माणसांची रांग जमायची, ओढ जमत नव्हती. हात कितीही ताणले तरी दोरी सैलच वाटायची. मग रुतलेल्या टाचेमागे वर आलेली मूठभर वाळू काढली, आणि माणसं ओढू लागली.

कागदाबद्दल एवढंच : दमट हवेत 300 जीएसएमचा जाड कागदही लवकर सुकत नाही, आणि अर्धवट ओल्यावर रंगाचा दुसरा हात दिला की फुलकोबीसारखे डाग उठतात. पानाला हाताची पालथी बाजू टेकवा. गार लागलं तर थांबा. वही मी स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते कंदिलाच्या काचेवर. आजीकडे तिन्हीसांजेआधी कंदिलाची काच राखेने घासायचं काम माझं, कारण घरात आत जाईल एवढा हात माझाच होता. पहिल्यांदा काचेची बाह्यरेषा काढली, ती बरणी दिसली. दुसऱ्यांदा पांढऱ्या रंगाने चमक घातली, काच आणखी जड झाली. तिसऱ्यांदा काच काढलीच नाही. मागची पडवी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळोखी केली, वरच्या तोंडाशी काजळीचा पट्टा ठेवला, आतली बोटं जराशी रुंद आणि फिकी काढली, बाकी कोरा कागद. आणि काच दिसली. त्या रात्री मला झोप लागेना.

आईला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं, मग माझ्या गुडघ्याशेजारच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाली, "राख वाटीत कुठे असायची? करवंटीत असायची."

त्या वाटीवर माझी फुलीसुद्धा नव्हती. चौथं चित्र आज रात्री सुरू करतेय, करवंटीपासून.